शाकारणी आणि घरातले मेज

कोकणपट्टीच्या मराठीत ‘शाकारणे’ हे एक जुने क्रियापद आहे. पावसाळ्यापूर्वी छपरावरचे गवत, पेंढा किंवा कौले नव्याने रचणे म्हणजे घर शाकारणे. या कामाचा हंगाम ठरलेला असे. वैशाख सरता सरता आगोटीची लगबग सुरू होई. सरपण माळ्यावर जाई, मीठ-मसाला आणि सुकी मासळी बरण्या-मडक्यांत बंद होई आणि मृग नक्षत्र लागण्याच्या आत घरातले कर्ते हात छपरावर पोहोचत. आज हा शब्द आपल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. शब्द हरवण्याआधी त्यामागची रीत हरवलेली असते. ती रीत काय होती, ती का मोडली आणि तिची आठवण आजच का काढावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वीची नळीची कौले कुंभाराच्या चाकावर घडत. एक रांग उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती रचलेली असत. ती खिळ्यांनी ठोकलेली नसत. स्वतःच्या वजनावर विसावलेली असत. वाऱ्याने, कावळ्या-मांजरांच्या येण्याजाण्याने ती सरकत. म्हणून दरवर्षी ती उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून पुन्हा बसवावी लागत. त्या निमित्ताने वासे आणि रीपा डोळ्यांखालून जात. कोठे वाळवी लागली, कोठे लाकूड कुजले, हे कळून येई. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून होत असल्याने त्या बाजूच्या भिंतींना नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात. पाऊस सरला की झाप उतरत, भिंतींना ऊन लागे, जमीन चोपून शेणाने सारवली जाई आणि नाताळापूर्वी चुन्याचा हात फिरे. वर्षाचे असे दोन भाग होते: पावसाआधी घराचे रक्षण आणि पावसानंतर घराचे नूतनीकरण.

हे सारे कोणाला शक्य होते? ज्यांचे काम घरातच चालत असे, त्यांना. आमच्या वसईतील जुन्या घरांची पडवी ही केवळ बसण्याउठण्याची जागा नव्हती. तेथे कोळ्याचे जाळे विणले आणि दुरुस्त केले जाई, विड्याची पाने मोजून जुड्या बांधल्या जात, फुले निवडली जात. अंगणात सुकेळी वाळत. दिवसभर एकाच छपराखाली हात चालवणाऱ्या माणसाला गळतीचा पहिला थेंब ताबडतोब दिसतो. घराची निगा हे वेगळे काम नव्हते; घरात चाललेल्या कामाचेच ते एक अंग होते.

एकोणिसाव्या शतकात दोन वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. पहिली कौलांची. एकमेकांत अडकणारे कौल फ्रान्सच्या आल्सास प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी शोधले होते. त्याचे पेटंट १८४१ सालचे आहे. त्याच धर्तीवर बासल मिशनचे जर्मन अभियंते गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. खाचेत खाच बसणारे, रिपेला अडकून राहणारे हे मंगळुरी कौल लवकरच साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. ते सहजी सरकत नसे, त्यामुळे दरसालची शाकारणी पुष्कळ हलकी झाली. दुसरी गोष्ट आगगाडीची. एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. आरंभी दिवसाला एकच गाडी जाई आणि एकच परत येई. पुढे गाड्या वाढल्या, आणि गिरण्या, गोदी व कचेऱ्यांकडे जाणारी माणसेही वाढली. पहाटे निघालेला कर्ता माणूस दिवेलागणीनंतर परतू लागला. घराच्या निगेचा भार माता-भगिनींवर अधिकच पडला. उरलेली डागडुजी रविवारवर गेली, आणि रविवार तर विश्रांतीचा वार!

या दोन्ही गोष्टींनी आपले कल्याणच केले, याविषयी आम्हांला शंका नाही. रेल्वेने शिक्षण, वेतन आणि मोठे जग आपल्या दाराशी आणले. पुढे सिमेंटचा स्लॅब आला आणि आता छपराकडे पाहण्याची गरजच उरली नाही, असा एक समज रूढ झाला. तो मात्र घातक ठरला. निगा नको असलेली वास्तू अद्याप कोणी बांधलेली नाही.

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका याची साक्ष देते. १५९४ साली तिचे बांधकाम सुरू झाले आणि १६०५ साली तिचा अभिषेक झाला. तिच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. दर्शनी भागातील कोरीव कामाचा काळा दगड वसईकडून नेलेला आहे. जांभा सच्छिद्र असल्याने भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. असा गिलावा स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. म्हणूनच तो वेळोवेळी नवा करावा लागतो. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली हा गिलावा काढण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, हा त्यामागचा हेतू होता. तेव्हापासून उघडा पडलेला दगड दर पावसाळ्याला तोंड देत आला. २०२० साली तेथील तत्कालीन रेक्टरांनी दगडाच्या झिजेकडे जाहीरपणे लक्ष वेधले आणि गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी केली. ज्या मंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, त्याचीही पावसापासून सुटका नाही. मग आपल्या गच्च्यांची कोठून असणार?

त्याच २०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या. दीडशे वर्षांपूर्वी गाडीत बसून बाहेर पडू लागलेले काम अकस्मात घरी परतले. जेवणाचे मेज, पलंगाचा कोपरा, स्वयंपाकघराचा ओटा अशा मिळेल त्या जागी संगणक उघडले गेले. पुढे गाड्या पूर्ववत झाल्या. तरी अनेक घरांत आठवड्यातले काही दिवस कचेरी राहिलीच.

घरात कामाची नीट जागा असावी, ही गरज मात्र नवी नाही. सहाव्या शतकात इटलीतील व्हिव्हारियम मठात कासिओदोरुस याने ग्रंथांच्या नकला करणाऱ्या मठवासीयांसाठी आपोआप तेल पुरवले जाणारे दिवे, सूर्यघटिका आणि जलघटिका ठेवल्या होत्या. उजेड आणि वेळ, या दोन गोष्टी त्याने मोलाच्या मानल्या. आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५१४ सालच्या चित्रात संत जेरोम आपल्या खोलीत लिहीत बसले आहेत आणि डावीकडच्या खिडक्यांतून खोलीभर ऊन पसरले आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड आला, तर कागदावर हाताची सावली पडत नाही.

आपल्या घरातही याच कसोट्या लावाव्यात. मेज खिडकीच्या बाजूला आडवे ठेवावे. पडद्यावर थेट ऊन चमकू नये आणि डोळ्यांसमोरही येऊ नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी, पाय जमिनीवर टेकावेत, पाठीला आधार मिळावा. नैर्ऋत्येची ओल धरणारी भिंत कामासाठी निवडू नये. निवडावीच लागली तर कागदपत्रांचे कपाट तिच्यापासून चार बोटे दूर ठेवावे. विजेची जोडणी आणि अर्थिंग मे महिन्यातच तपासून घ्यावे. आणि काम थांबवण्याची वेळ ठरवावी. सायंकाळच्या आंजेलसच्या घंटेला शेतातले हात थांबत असत. मेजावरच्या हातांनीही थांबावयास हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. काम घरी परतले आहे, म्हणजे घराकडे पाहणारे डोळेही परतले आहेत. मग शाकारणी का परतू नये? मे महिन्यात गच्चीवर चढून पन्हाळी आणि निचऱ्याचे नळ मोकळे करावेत, भेगा बुजवाव्यात, खिडक्यांच्या चौकटी पाहाव्यात. पाऊस सरल्यावर भिंती पुरत्या वाळू द्याव्यात आणि मगच रंग काढावा. पूर्वी घर शाकारताना शेजारी एकमेकांच्या छपरावर चढत. आज इमारतीची गच्ची सर्वांची असते, म्हणून ती कोणाचीच नसते. गृहसंस्थेच्या सभासदांनी वर्षातून एक दिवस ठरवून एकत्र गच्चीवर जावे. आणि ज्यांचे कौलारू घर अजून उभे आहे, त्यांनी ते पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा जाणत्या सुताराला वर चढवून वासे दाखवावेत. कित्येकदा घर म्हातारे झालेले नसते. अनेक वर्षे ते कोणी शाकारलेले नसते, एवढेच.