एकाच आवाजासाठी ३० हून अधिक रचना! मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ कोण आहेत?

ऑपेरा म्हटलं की भरजरी पोशाख, भलंमोठं स्टेज आणि काच तडकेल असा उंच सूर, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. आणि गाणी? ती तर दोनशे वर्षांपूर्वी लिहून झालेली, असा आपला समज. पण ऑपेरा गायिकांसाठी आजचे संगीतकारही नवं काही लिहीत असतात. ब्रिटनचे नामवंत संगीतकार सर जॉन टॅव्हनर यांनी तर एकाच गायिकेसाठी ३० हून अधिक रचना लिहिल्या. ती गायिका म्हणजे मुंबईत एका गोवन कुटुंबात जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ.

सोप्रानो म्हणजे नेमकं काय?

सोप्रानो हा स्त्रियांच्या आवाजातला सगळ्यात उंच पट्ट्याचा प्रकार. त्याखाली मेझो-सोप्रानो आणि सगळ्यात खाली काँट्राल्टो.

आता हे वर्गीकरण कशाला, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे गायक आधी स्वतःची पट्टी ठरवतो, तानपुरा त्या सुरात लावतो आणि मग गातो. बंदिश तीच, पट्टी ज्याची त्याची. ऑपेरात सहसा ही मुभा नसते. कोणता स्वर किती उंच, हे संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेलं असतं आणि अख्खा ऑर्केस्ट्रा तेच वाजवतो. त्यामुळे भूमिकेला पेलेल असाच आवाज शोधावा लागतो. त्यात पारंपरिक ऑपेरात माईकही नसतो. ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तो फक्त गळ्याच्या आणि श्वासाच्या जोरावर.

म्हणूनच अनेक संगीतकार गायिकेचा गळा ओळखून लिहितात. मोझार्टने १७९१ मध्ये 'द मॅजिक फ्लूट' लिहिला, तेव्हा त्यातली 'क्वीन ऑफ द नाइट' ही महाकठीण भूमिका त्याने आपली मेहुणी योझेफा होफर हिच्यासाठी रचली होती.

मुंबई ते लंडन

रोझारिओ यांनी पुढचं शिक्षण घेतलं लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिक अँड ड्रामामध्ये. तिथे त्यांना संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. मॅगी टेट पारितोषिकही त्यांनी जिंकलं. मोझार्टच्या ऑपेरांसारखं जुनं संगीत त्या गात राहिल्या, पण त्यांची वेगळी ओळख घडली ती नव्या संगीतातून.

ब्रिटिश संगीतकार जॉन कास्केन यांचा 'गोलेम' हा ऑपेरा १९८९ मध्ये आला. मातीचा माणूस घडवणाऱ्या धर्मगुरूच्या जुन्या ज्यू दंतकथेवर तो बेतलेला आहे. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मिरियमची भूमिका रोझारिओ यांनी गायली आणि त्या रेकॉर्डिंगला १९९१ चा ग्रामोफोन पुरस्कार मिळाला.

टॅव्हनर आणि रोझारिओ

१९९७ मध्ये प्रिन्सेस डायनाच्या अंत्यसंस्कारात वाजलेल्या 'साँग फॉर अथीन'मुळे टॅव्हनर यांचं नाव जगभर पोहोचलं. त्यांचं संगीत संथ आणि प्रार्थनेसारखं आहे. त्यात एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवावा लागतो. आवाज जरा डळमळला तरी लपायला जागा नसते. अशा संगीतासाठी त्यांना हवा तो गळा रोझारिओ यांच्यात सापडला.

१९९२ मध्ये इंग्लंडच्या ऑल्डबरा महोत्सवात टॅव्हनर यांचा 'मेरी ऑफ इजिप्ट' हा ऑपेरा पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा मेरी होत्या रोझारिओ. जानेवारी २००० मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये झालेल्या 'फॉल अँड रिझरेक्शन'मध्येही त्या होत्या. आणि २००३ मध्ये 'द व्हेल ऑफ द टेम्पल'. रात्रभर चालणारी, सुमारे सात तासांची ही रचना! एस्टोनियाचे आर्व्हो पार्ट यांनीही रोझारिओ यांच्यासाठी संगीत लिहिलं आहे.

नवं संगीत गाणं अवघड का?

मोझार्ट शिकताना शंभर रेकॉर्डिंग ऐकता येतात. नव्या रचनेचं एकही नसतं. समोर फक्त कागदावरची स्वरलिपी. सूर कधीकधी कानाला अनोळखी वाटणारे, ऑर्केस्ट्राचा आधारही नेहमीसारखा मिळेलच असं नाही. महिनोन्‌महिने तयारी करून रचना एक-दोनदाच सादर होते, असंही घडतं. पण इथे एक गोष्ट मिळते, जी मोझार्ट गाताना कधीच मिळणार नाही. संगीतकार तालमीला समोर बसलेला असतो. त्याला प्रश्न विचारता येतात आणि गायिकेचं गाणं ऐकून तो पुढची रचना वेगळी लिहू शकतो. रोझारिओ यांच्या कारकिर्दीत हे वारंवार घडलं.

संगीतातल्या योगदानासाठी २००१ मध्ये त्यांना ब्रिटनचा 'ओबीई' हा सन्मान मिळाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अध्यापनही केलं आहे.

मग भारताचं काय?

गोवा आणि मुंबईतल्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं होत आलं आहे. सुरेल गळ्यांची कमी नाही. पण ऑपेरासाठी लागणारं सलग, रोजचं प्रशिक्षण हवं असेल, तर इथल्या मुलांना बहुधा परदेश गाठावा लागतो आणि तो खर्च प्रत्येकाला झेपत नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून रोझारिओ आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी २००९ मध्ये 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला. दोघं भारतात येऊन तरुण गायकांना शिकवतात.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस तब्बल २३ वर्षांनी उघडलं. या वास्तूत एकेकाळी बालगंधर्वांची नाट्यपदं घुमली होती. दारं पुन्हा उघडल्यावर तिथे गाण्यासाठी बोलावणं गेलं, ते याच शहरात जन्मलेल्या रोझारिओ यांना.