शालेय अनुदान पद्धती (महाराष्ट्र)

खाजगी संस्थेने चालवलेल्या शाळेतील शिक्षकांच्या वेतनाचा आणि इतर खर्चाचा भार राज्य शासनाने पूर्णतः किंवा अंशतः उचलण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षण मुख्यतः जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका देतात. माध्यमिक शिक्षण मात्र बहुतांशी खाजगी अनुदानित शाळांवर उभे आहे. त्यामुळे एखाद्या गावाला हायस्कूल मिळाले की नाही, हे तिथे किती मुले होती यापेक्षा संस्था काढणारे, जागा देणारे आणि मंत्रालयापर्यंत फाईल नेणारे कोणी होते का, यावर ठरत आले. राज्यातील शालेय विषमतेचे एक मोठे मूळ येथे आहे.

या पद्धतीचा पाया 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने घातला. सगळ्या शाळा सरकारने चालवणे परवडणारे नाही, तेव्हा लोकांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने मदत द्यावी, असे हे धोरण होते. मदतीसाठी स्थानिक व्यवस्थापन हवे, सरकारी तपासणी मान्य हवी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी, अशा अटी होत्या. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत पडली. तपासनीस शाळेत येऊन मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरे. ज्या घरात आधीपासून लिहिणे-वाचणे होते त्या घरातली मुले सहज उत्तीर्ण होत, आणि अशी मुले जमवणाऱ्या शाळेला अधिक पैसा मिळे. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळेला या हिशेबात जागाच नव्हती.

या रचनेवर सर्वात थेट बोट ठेवले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे ऑक्टोबर 1882 मध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्रश्न मांडला तो पैशाच्या वाटेचा. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे होते. शेतसाऱ्यावर, शिक्षणासाठीही असलेली लोकल फंडाची पट्टी बसत होती. ती भरणाऱ्याच्या गावात शाळा मात्र नव्हती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकांना बरा पगार द्यावा आणि ते शक्यतो शेतकरी समाजातून घ्यावेत, अशा मागण्या त्यांनी केल्या. आयोगाने सक्तीची मागणी स्वीकारली नाही. प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि माध्यमिक शिक्षण अनुदानाच्या आधारे खाजगी प्रयत्नांकडे, ही त्याने सुचवलेली विभागणी आजही ढोबळमानाने टिकून आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा खर्च प्रत्यक्ष अंगावर घेतला तो संस्थानांनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मांडलेल्या विधेयकात खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी योजना होती. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेला मुंबई इलाख्याचा 1918 चा कायदा नगरपालिकांपुरता होता. खेडी बाहेरच राहिली.

ती पोकळी काही प्रमाणात बहुजन समाजातून उभ्या राहिलेल्या संस्थांनी भरली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृह आणि ‘कमवा व शिका’ या दोन आधारांवर तिने पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी शाळा नेल्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथे हे जाळे फार उशिरा विणले गेले. अनुदान आधी उभ्या असलेल्या शाळेमागे जाते. त्यामुळे ही जुनी तफावत सरकारी पैशानेही लवकर भरून निघाली नाही.

1961 च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषदा स्थापन होऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा. अनुदानित शाळेचे वेतन देयक आता मुख्याध्यापक ‘शालार्थ’ प्रणालीत भरतो आणि ते शिक्षण खात्याच्या वेतन पथकाकडे जाते. खडू, वीजबिल, प्रयोगशाळा, डागडुजी यांसाठी वेतनेतर अनुदान असते. ते अपुरे आणि अनियमित असते, म्हणून विजेचे बिल थकल्याने संगणक कक्ष बंद असलेली शाळा ग्रामीण भागात नवलाची नाही.

2001 मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. शासनाने आर्थिक जबाबदारी नाकारली, पण शाळा उघडू दिल्या आणि मुले त्यांत शिकू लागली. 2009 मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. त्यानंतर पात्र शाळांना वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचे ठरले. प्रत्येक टप्प्यासाठी मूल्यांकन, त्रुटींची पूर्तता, तरतूद आणि पुन्हा मुंबईच्या आझाद मैदानावरचे आंदोलन, असा क्रम पडला. सकाळी वर्गात गणित शिकवून संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा किंवा सुटीत शेतमजुरी करणारा शिक्षक या धोरणाने निर्माण केला, आणि हा अन्याय त्या शिक्षकापुरता राहत नाही, तो त्याच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोचतो. जुनी निवृत्तिवेतन योजना नव्या नेमणुकांसाठी बंद झाली त्या 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक होऊनही त्या तारखेला शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती, एवढ्या कारणाने अनेक शिक्षकांना जुन्या निवृत्तिवेतनासाठी न्यायालयात जावे लागले.

दुसऱ्या टोकाला 2012 च्या कायद्याखालील स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत. तिथे फी हाच प्रवेशाचा उंबरठा. तो ओलांडता यावा म्हणून त्याआधीच बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमाने (2009, अंमल 1 एप्रिल 2010 पासून) खाजगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. अल्पसंख्याक शाळांना यातून सूट आहे. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात आणि शासन शाळेला ठरावीक दराने प्रतिपूर्ती देते. ती थकते, ही शाळाचालकांची जुनी तक्रार आहे. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्द केला. जवळच्या सरकारी शाळेवर शासनाचा एवढा भरवसा असेल, तर तिथे पुरेसे शिक्षक देणे हाच त्याचा पुरावा ठरला असता.

शिक्षकांची पदे ठरतात ती संच मान्यतेने, म्हणजे विद्यार्थिसंख्येनुसार होणाऱ्या पदमंजुरीने, आणि संच मान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन कारखान्यावर जाते, आणि घरी सांभाळायला आजी-आजोबा नसतील तर मुलेही जातात. पटावर नाव राहते, बाक रिकामा होतो. फडावरच्या पालात राहणारे दहा वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, बैलांना उसाचे वाढे घालते. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे आहेत आणि कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचे प्रयोगही झाले. पण हंगाम सुरू होण्याआधी वसतिगृहाला मान्यता आणि पैसा पोचला नाही, तर पालक मुलाला कोणाच्या भरवशावर ठेवणार? ते टोळीबरोबर निघून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये, वर्ष संपता संपता परत येते. शाळा, पद आणि पट या तिन्हींना जोडलेला पैसा त्या मुलामागे कारखान्यापर्यंत जाण्याची तरतूद या पद्धतीत मुळातच ठेवलेली नाही.