मुदत : पहाटे 3 वाजून 29 मिनिटे

15 जुलै ही जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांची हिवाळी सत्राच्या अर्जाची शेवटची तारीख. तिथे रात्रीचे 23:59 होतात तेव्हा आपल्याकडे 16 तारीख उजाडायला आलेली असते, पहाटेचे 3:29. 2023 साली साताऱ्याच्या एका इंजिनीअर मुलीचा अर्ज या वेळेआधी गेला. तरीही तो बाद झाला.

4 मार्च. 2021 मध्ये जर्मनीला गेलेला आतेभाऊ फोनवर सांगतो, "मार्कशीट, पासपोर्ट, आयईएलटीएस. बाकी काही लागत नाही गं." त्याच्या वेळी एपीएस प्रमाणपत्र खरंच लागत नव्हतं. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. ती ही बातमी वाचते आणि ठरवते, व्हिसाच्या वेळी बघू.

22 मे. युनि-असिस्ट या जर्मन विद्यापीठांच्या अर्जाच्या पोर्टलवर खातं उघडताना कळतं, की तिने निवडलेल्या विद्यापीठाला ते प्रमाणपत्र अर्जासोबतच हवं आहे. हाताशी 54 दिवस. एपीएसचं शुल्क 18,000 रुपये. अर्ज ऑनलाइन, कागद कुरिअरने दिल्लीला.

25 मे, सकाळी 11:00. ट्रान्स्क्रिप्टसाठी कॉलेजच्या खिडकीवर अर्ज. "पंधरा दिवसांनी या."

9 जून, दुपारी 12:40. ट्रान्स्क्रिप्ट मिळते. त्यावर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिच्या नावात वडिलांचं नावच नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या कागदांत हा फरक असतो. घरचे म्हणतात, ॲफिडेव्हिट करून घेऊ. ते लागेल का, हे एपीएसला एका ईमेलने विचारता आलं असतं. कुणी विचारत नाही.

16 जून, शुक्रवार, संध्याकाळी 5:50. ॲफिडेव्हिट तयार. कुरिअरवाला सहाला बंद करतो. सहाव्या सेमिस्टरच्या मार्कशीटची झेरॉक्स फिकट आली आहे. वडील म्हणतात, "सोमवारी नीट करून पाठव."

19 जून. पाकीट निघतं. 26 दिवस.

15 जुलै, रात्री 9:10. एपीएसचं काम अजून सुरूच आहे. ती बाकीचे कागद स्कॅन करायला बसते.

11:35. युनि-असिस्टचं शुल्क 75 युरो. वडिलांचं कार्ड नाकारलं जातं.

11:50. पुन्हा नाकारलं जातं. कार्डावर परदेशी व्यवहार बंद आहेत; ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ॲपचा पासवर्ड वडिलांना आठवत नाही.

16 जुलै, पहाटे 1:20. नवा पासवर्ड तयार होतो.

2:52. ओटीपी येतो. पैसे जातात.

3:04. अर्ज सादर. प्रमाणपत्राच्या जागी ती एपीएसकडे केलेल्या अर्जाची पावती जोडते.

3:29. मुदत संपते.

18 जुलै. प्रमाणपत्र येतं. त्यात एकही त्रुटी नाही.

27 जुलै. अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाल्याचं कळतं. विद्यापीठाने प्रमाणपत्र मागाहून देण्याची मुभा ठेवलेली नव्हती, आणि हा अभ्यासक्रम फक्त हिवाळ्यात सुरू होतो. जर्मनीला जायचं ठरवत असाल, तर विद्यापीठांची यादी करण्याआधी एपीएसचा अर्ज करा.