पाण्यात दुबळे होणारे रेशीम

रत्नागिरीच्या पावसात रेयॉनची कुर्ती धुणाऱ्या बाया ती जोर लावून पिळत नाहीत. ओली असताना पिळली की लवकर विरते, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. सुती लुंगी मात्र दगडावर आपटा, पिळा, तिला काही होत नाही. गंमत अशी की दोन्ही कापडे एकाच पदार्थाची आहेत. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि रेयॉन म्हणजेही सेल्युलोजच. पण कापूस भिजला की उलट थोडा बळकट होतो, आणि साधा रेयॉन भिजताच जवळपास निम्मी ताकद गमावतो.

मी भाषांचा शिक्षक, रसायनशास्त्राचा नव्हे. या विषयाकडे आलो तो शब्दाच्या वाटेने. उर्दूत रेयॉनला ‘मस्नूई रेशम’ म्हणतात, मराठीत ‘कृत्रिम रेशीम’. रेशम आणि रेशीम हे दोन्ही शब्द फारसीतल्या ‘अबरेशम’चे. आपल्याकडे रेशमाला पर्याय शोधण्याची खटपटही जुनीच. औरंगाबादचा हिमरू ही किनखाबाची कापूस-रेशमात केलेली नक्कल. ‘मशरू’ म्हणजे शरियतने मुभा दिलेले: पुरुषांना शुद्ध रेशीम मना, म्हणून अंगाला लागणारी बाजू सुती आणि वरची रेशमी. नवरदेवाच्या शेरवानीला रेयॉन चालेल का, असे आजही कोणीतरी विचारते. चालेल, कारण तो किड्याचा नाही, झाडाचा आहे.

झाडाचा धागा करण्याची युक्ती 1892 साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांना सापडली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, काही काळ मुरू द्यायचा, मग त्यात कार्बन डायसल्फाइड मिसळायचे. नारिंगी भुगा तयार होतो. तो पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळला की मधासारखा दाट रस मिळतो, तोच व्हिस्कोस. हा रस सोने-प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या, केसाएवढ्या भोकांच्या टोपीतून आम्लाच्या हौदात सोडायचा. एका बाजूला अल्कली, दुसऱ्या बाजूला आम्ल. दोन्ही सोसणारा धातू हवा, म्हणून हा थाट. आम्ल लागताच रसाचे पुन्हा सेल्युलोज होते आणि धागा बाहेर ओढला जातो. याला ओली कताई म्हणतात.

धाग्याचे नशीब ठरते ते या हौदात. 1905 मध्ये माक्स म्युलर यांनी आम्लासोबत सोडियम सल्फेटसारखे क्षार घातलेल्या हौदाचे पेटंट घेतले आणि धंदा मार्गी लागला. त्याच वर्षी कोव्हेंट्रीत कोर्टोल्ड्सचा कारखाना सुरू झाला. आम्ल साधारण दहा टक्के, सल्फेट वीसच्या आसपास, पाणी पन्नास अंश गरम. अशा हौदात धाग्याची बाहेरची साल आधी घट्ट होते, आतला गाभा मागे राहतो. नंतर गाभ्यातले पाणी जाते, तो आकसतो आणि साल सुरकुतते. रेयॉनच्या तंतूचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी दिसतो तो त्यामुळे.

कापसाचे बोंड आठवड्यानुआठवडे आपले रेणू एकमेकांशेजारी रचत असते. हौदाला सेकंदभरात ते उरकायचे असते. शिवाय मुरवताना रेणूंच्या लांब साखळ्या तुटलेल्या असतात: कापसात एका साखळीत हजारो कड्या, व्हिस्कोसमध्ये तीनशेच्या आसपास. अर्धवट रचलेल्या, तोकड्या साखळ्यांमध्ये पाणी सहज शिरते आणि त्यांची पकड सुटते.

मग शंभर वर्षे लोक काय करत राहिले? ही घाई कमी करत राहिले. हौदात थोडे झिंक सल्फेट घातले की सेल्युलोज सावकाश परतते. तेवढ्यात धागा ताणला की साखळ्या एका दिशेने लागतात आणि जाड साल तयार होते. हा धागा इतका मजबूत निघाला की दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांच्या टायरांत गेला. जपानच्या ताचिकावांनी आणखी पुढे जाऊन लगदा जवळपास न मुरवता, सौम्य आणि थंड हौदात, भरपूर ताण देऊन धागा काढला. तो भिजल्यावरही बराच टिकतो. मला यात सर्वांत आवडते ते हे की त्यांनी नवा पदार्थ शोधला नाही, फक्त वेळ दिला.

आपल्याकडे हे हौद कल्याणजवळ आले. मोहोन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, स्थापना 1946. शहाडला सेंच्युरी रेयॉन, 1956. शेजारी भिवंडीचे यंत्रमाग. कल्याण-भिवंडी ही कोकणी मुसलमानांची जुनी ठिकाणे, आणि आमच्या जिल्ह्यातला चाकरमानी तर मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होताच. त्यामुळे ‘आर्ट सिल्क’ आम्हाला परका शब्द कधी वाटला नाही.

हौदाची दुसरी बाजू मात्र कापडाच्या दुकानात दिसत नाही. सेल्युलोज परत येताना रसात मिसळलेले कार्बन डायसल्फाइड वायू होऊन सुटते, सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड. पहिल्याने नसा आणि मेंदू बिघडतात, दुसऱ्याने डोळे सुजतात, लाल होतात. एकोणिसाव्या शतकात रबराच्या कारखान्यांतले कामगार कार्बन डायसल्फाइडने भ्रमिष्ट होताना फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवले होते, म्हणजे रेयॉनचा पहिला धागा निघण्याआधीच हे विष माहीत होते. तरीही झाकणे, पंखे आणि वायू परत पकडणारी यंत्रे फार उशिरा आली. अलीकडच्या लायोसेल धाग्याला हे रसायन लागतच नाही. लगदा दुसऱ्याच द्रावकात विरघळवून पाण्यात कातला जातो.

शहाडचा कारखाना चालू राहिला. मोहोन्याचा 2009 मध्ये बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली.