पीएस-फाइव्हला भारतात उशीर का झाला?

प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला विक्रीला आलं. भारतात २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधले ८२ दिवस आपण तर्क लढवण्यात घालवले.

सगळ्यात चविष्ट तर्क नावाच्या भांडणाचा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोनीने नाव जाहीर केलं आणि त्याच महिन्यात दिल्लीतल्या एका माणसाने ‘पीएस५’ या ट्रेडमार्कसाठी अर्ज ठोकला. सोनीचा अर्ज आला फेब्रुवारी २०२० मध्ये. गोष्ट मस्त आहे, म्हणूनच ती पसरली. पण त्या माणसाने ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे जगभरच्या लाँचच्या आधीच, अर्ज मागे घेतला होता. तरी पुढचे तीन महिने मशीन आलं नाही.

दुसरा तर्क आयातीचा. गलवाननंतर चीनहून आलेला माल बंदरांत अडकत होता, आणि सोनीनेही स्थानिक आयात-नियमांकडे मोघम बोट दाखवलं होतं. पण मग एक्सबॉक्सचं काय? त्याची नवी दोन्ही मॉडेल्स १० नोव्हेंबरला, जगाबरोबरच, भारतात आली. मशीन तिकडचंच, बंदरं तीच. गंमत म्हणजे आधीच्या पिढीत उलटं झालं होतं. पीएस४ दोन महिन्यांच्या आत आलं, एक्सबॉक्स वनला मात्र सप्टेंबर २०१४ पर्यंत, दहा महिने लागले.

मला पटतं ते साधं कारण. माल कमी होता. डिसेंबर २०२० अखेरपर्यंत सोनीने जगात ४५ लाख पीएस५ पाठवले, तरी अमेरिकेतही दुकानं रिकामीच होती. गोंदियातल्या कुठल्याही ठोक व्यापाऱ्याला विचारा, माल तुटपुंजा असला की आधी कोणाला देतो? मोठ्या, जुन्या गिऱ्हाइकाला. सोनीच्या वहीत भारत ते गिऱ्हाईक नव्हता. हा माझा अंदाजच, पण पुढचं सगळं त्याच्याशी जुळतं. १२ जानेवारीला दुपारी १२ वाजता बुकिंग उघडलं आणि ४९,९९० रुपयांचं मशीन काही मिनिटांत संपलं. ३९,९९० चं डिजिटल एडिशन तर त्या दिवशी विकायलाच नव्हतं.

मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस गोंदियाला येऊन थांबते, तसा नवा माल आपल्याकडे शेवटी पोचणार याची सवय होती. त्या दुपारी पहिल्यांदाच मुंबईवाला आणि गोंदियावाला एकाच क्षणी तेच बटण दाबत होते, आणि दोघांच्याही फोनवर ‘आउट ऑफ स्टॉक’ आलं.