क्लोमिफिनचं घराणं

मूल व्हावं म्हणून उपचार सुरू झाले की अनेकींच्या हाती पहिली गोळी पडते ती क्लोमिफिनची. पाळीच्या पाचव्या दिवसापासून पाच दिवस, बहुधा ५० मिलिग्रॅम; मग सोनोग्राफी, अंडं किती वाढलं, फुटलं की नाही. या दिवसांत तिशीतल्या सुनेच्या मानेतून, कानशिलांतून एकाएकी वाफा निघू लागल्या, तर पाळी नुकतीच थांबलेली सासू ते दुखणं चटकन ओळखेल.

तिची ओळख अचूकच असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस रक्तातल्या इस्ट्रोजेनवर नजर ठेवून असतो. क्लोमिफिन तिथल्या इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसतं. इस्ट्रोजेन आटलं असं समजून हायपोथॅलॅमस पिट्युटरीला हलवतो, एफएसएच हे संप्रेरक वाढतं आणि अंडाशय कामाला लागतं. शरीराच्या तापमानाचा कारभारही हायपोथॅलॅमसकडेच. म्हणून वाफांना दुष्परिणाम म्हणणं मला पटत नाही. औषधाचा गुण जिथे उपजतो तिथेच त्याही उपजतात.

आता घराणं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीत १९५६ साली फ्रँक पालोपोली आणि सहकाऱ्यांनी क्लोमिफिन बनवलं. त्याच कंपनीतल्या लिओनार्ड लर्नर यांना हृदयविकारासाठी तपासल्या जाणाऱ्या एका रसायनाची ठेवण कृत्रिम इस्ट्रोजेनसारखी दिसली. तपासलं तर ते इस्ट्रोजेनच्या उलट वागलं. क्लोमिफिन याच गोत्रातलं. उंदरांना दिल्यावर त्यांना पिल्लं होईनात, आणि १९६० च्या शोधनिबंधाने त्याची नोंद गर्भधारणा रोखणारं रसायन अशीच केली. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी ते पाळी न येणाऱ्या बायकांना दिलं आणि त्यांना अंडी येऊ लागली! १९६७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. स्तनांच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन याच कुळातलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून आलेली ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळीही जवळची नातेवाईक: एक बहीण मूल व्हावं म्हणून, दुसरी होऊ नये म्हणून.

मी अडकलो तो मात्र चौथ्या नातेवाइकापाशी. ट्रायपॅरॅनॉल. हेही मेरेलचंच, कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध, १९६० मध्ये बाजारात आलेलं. रेणूला तीन बेंझिन कडी आणि नायट्रोजनची जी शेपटी क्लोमिफिनला आहे तीच. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची अखेरची पायरी ते अडवतं, त्यामुळे आधीचा डेस्मोस्टेरॉल हा पदार्थ साठत जातो. ते घेणाऱ्यांचे केस गळले, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. प्राण्यांवरच्या चाचण्यांचे निकाल कंपनीने खोटे दाखवल्याचं उघड झालं आणि एप्रिल १९६२ मध्ये औषध मागे घेतलं गेलं.

क्लोमिफिनच्या माहितीपत्रकात दोन नोंदी आहेत. दीर्घकाळ घेतल्यास रक्तात डेस्मोस्टेरॉल वाढू शकतं, ही एक. दुसरी, सुमारे १.५ टक्के बायकांना धूसर दिसतं, डोळ्यांपुढे ठिपके किंवा चमक येते. एकूण मात्रा वाढली की हा त्रासही वाढतो. वाफांचं प्रमाण १०.४ टक्के. दृष्टीच्या त्रासाचं सर्वसाधारण स्पष्टीकरण असं दिलं जातं की डोळ्यांतही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत, त्या अडल्या की नजर बिघडते. मग वाफा आणि चमक यांचं मूळ एकच ठरतं.

मला ते पुरेसं वाटत नाही. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन खरोखर आटतं, वाफा येतात, पण डोळ्यांपुढे अशी चमक नाचणं हे काही तिचं ओळखीचं लक्षण नव्हे. माझा तर्क असा, की वाफा क्लोमिफिनला इस्ट्रोजेनच्या बाजूने मिळाल्या आणि डोळ्यांचा त्रास कोलेस्टेरॉलच्या बाजूने, म्हणजे ट्रायपॅरॅनॉलच्या घरातून. यावर आक्षेप रास्तच आहे: मोतीबिंदू झाले ते रोज, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांना, इथे जेमतेम पाच गोळ्या. शिवाय मोतीबिंदू भिंगात होतो, आणि चमकेचं मूळ बहुधा पडद्यात किंवा त्याही मागे. पण क्लोमिफिन दोन जुळ्या रेणूंचं मिश्रण आहे आणि त्यातला झूक्लोमिफिन सहजी शरीर सोडत नाही. औषधाचे अंश सहा आठवड्यांनंतरही विष्ठेत सापडले आहेत. पुढच्या पाळीला पुन्हा गोळ्या सुरू होतात तेव्हा आधीच्या अजून शिल्लक असतात. नजरेपुढे चमक आली तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच सांगायचं, असं त्याच माहितीपत्रकात लिहिलं आहे, आणि गोळी लिहून देतानाच प्रत्येकीला हे तोंडी सांगितलं गेलं पाहिजे.