वांध्याच्या दोन वह्या

सोलापुरात सात रस्त्यावर उभं राहून कुणाला पत्ता विचारून बघा. इथला जाणता माणूस 'सरळ जा' असं कधीच सांगत नाही. सात वाटा फुटतात तिथं सरळ कुठली? तो आधी विचारतो, 'आलात कुठनं?' आणि मग बोट करतो. वाट चुकलेल्या माणसाला मदत करायची तर तो कुठे उभा आहे, हे आधी कळावं लागतं. संगणकावरच्या शेअरबाजाराचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

कविता लिहिणाऱ्याला गल्लीत एकच खरा मान असतो, तो म्हणजे अर्ज लिहून देण्याचा. यंत्रमागावर आयुष्य काढलेले आमचे एक मामा असाच अर्ज लिहून घ्यायला आले. मुलानं त्यांच्या मोबाइलवर शेअर घेण्याचं ॲप बसवून दिलं होतं. मामांनी ठरावीक भावाला पन्नास शेअर मागितले. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मामांनी पुन्हा दाबलं. दुपारी भाव खाली आला आणि पन्नासाच्या जागी शंभर शेअर पदरात पडले. नंतर भाव आणखी उतरला. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं : तुम्हीच दोनदा मागणी नोंदवलीत.

मी विचारलं, "मामा, दुसऱ्यांदा दाबण्याआधी पडद्यावर 'पेंडिंग' असं आलं होतं, की यादीत काहीच नव्हतं?"

"आता कसं आठवणार भाई? काहीतरी इंग्रजीत होतं."

सारा निवाडा तिथंच अडला. यादी कोरी असेल तर दोष संगणकप्रणालीचा. 'पेंडिंग' असेल तर मागणी पोचली होती, भाव जुळायची वाट पाहत रांगेत उभी होती. मामांना वाटलं, ती गेलीच नाही. मग दोष त्यांना त्यांच्या भाषेत हा शब्द न समजावणाऱ्या माहितीपुस्तिकेचा. कंपनीकडे क्षणाक्षणाची नोंद होती. मामांकडे वेळही लिहिलेली नव्हती. अर्ज कोराच राहिला.

हा तंटा संगणकानं जन्माला घातलेला नाही. मुंबईच्या दलालांची संघटना १८७५ साली उभी राहिली. पुढे शंभरावर वर्षं बाजार आरडाओरड्यावर आणि हातवाऱ्यांवर चालला. दलाल तोंडी सौदा करायचे आणि ज्याच्या त्याच्या वहीत टिपायचे. मग वह्या ताडून पाहायच्या. घेणाऱ्याच्या वहीत शंभर आणि देणाऱ्याच्या वहीत दीडशे निघाले, तर त्या न जुळणाऱ्या सौद्याला नाव होतं 'वांधा'. आपण रोज म्हणतो ना, 'वांधे झाले', तोच शब्द. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते : वांधा काढायला दोन वह्या लागायच्या. एकच वही असेल तर वांधा नसतो, नुसता हुकूम असतो.

म्हणून जुनं ते सोनं म्हणायचं कारण नाही. त्या दोन्ही वह्या दलालांच्याच होत्या. सोलापुरातल्या गिऱ्हाइकाला त्या गोंगाटात जागा नव्हती. कुठल्या क्षणी कुठल्या भावाला सौदा झाला, हे दलाल सांगेल तेच खरं मानावं लागे. भागधारकाच्या हाती होता तो प्रमाणपत्राचा कागद आणि कंपनीच्या नोंदवहीतलं नाव. त्या नावाचं वजन मात्र सोलापूरनं पाहिलं आहे. १९४९ साली जुनी गिरणी बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, तेव्हा एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या डिसेंबरात निकाल त्याच्या विरोधात लागला. पण देशाच्या सर्वोच्च न्यायासनानं त्याचं म्हणणं ऐकलं आणि पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू झाले. उपग्रहाच्या तबकड्यांमुळे तो पडदा मुंबईबाहेरच्या गावांतही पोचला. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजारानंही आपली 'बोल्ट' ही प्रणाली आणली. आता गिऱ्हाइकाच्या सौदापावतीवर क्रमांक आणि वेळ छापून येऊ लागली. दलालाच्या शब्दावर विसंबणं संपलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण पावती झालेल्या सौद्याची मिळते. अडकलेल्या पडद्याची, फिरत राहिलेल्या चक्राची पावती कोण देणार?

संगणकाच्या दुनियेत चूक टिपून ठेवण्याची रीत जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला आणि शेजारी वेळ लिहिली, पावणेचार. दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याआधीचीच. पण ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे. काय झालं, कुठे झालं, किती वाजता झालं, हे सगळं त्या एका पानावर आहे.

नोंद नीट पाहिली नाही की काय होतं, याची दोन उदाहरणं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअरबाजारानं जानेवारी १९८२ मध्ये १००० वर आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक हिशेबात तिसऱ्या दशांशापुढचे आकडे संगणक नुसते छाटून टाकत होता. बाजार बरा चालला असताना निर्देशांक घसरत घसरत सव्वापाचशेच्या आसपास आला. नोव्हेंबर १९८३ मध्ये हिशेब दुरुस्त केला, तेव्हा खरा आकडा निघाला १०९८! दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या बाजारातलं. १ ऑगस्ट २०१२ रोजी 'नाइट कॅपिटल' या दलाल कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवी प्रणाली चढवायची राहून गेली. बाजार उघडण्याआधीच संगणकानं आपणहून ९७ ईमेल पाठवून दोषाकडे बोट दाखवलं होतं. त्याची दखल कुणी घेतली नाही. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरहून अधिक बुडाले. लिहिलेलं वाचणारा कुणी नसेल, तर ते लिहिलं काय आणि न लिहिलं काय!

आपल्याकडे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजार सकाळी ११.४० ला थांबला, तो पावणेचारला पुन्हा सुरू झाला. ते साऱ्या देशानं पाहिलं. एकट्यादुकट्या दलालाच्या प्रणालीतला बिघाड मात्र ज्याला भोवतो त्यालाच दिसतो. म्हणून नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकात 'सेबी'नं दलालांना सांगितलं, की असा तांत्रिक बिघाड तासाभरात बाजाराला कळवा आणि मुळाशी काय होतं याचा अहवाल चौदा दिवसांत द्या. गुंतवणूकदाराच्या तक्रारीला क्रमांक देणारी 'स्कोअर्स' व्यवस्था २०११ पासून आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, तेव्हा तक्रार निकाली काढायला एकवीस दिवसांची मुदत ठरली. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिथं समाधान झालं नाही तर इथं.

दार उघडं आहे, पण त्यातून आत जायला हातात कागद हवा. वेळ, पडद्यावरचे नेमके शब्द, आपण काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इतक्या पाच ओळी आणि पडद्याचं एक छायाचित्र पुरे. कंपन्यांनीही 'तुम्हीच दाबलंत' म्हणून फाइल मिटू नये. एक मामा चुकले तर चूक मामांची. शंभर मामा त्याच शब्दाशी अडखळत असतील, तर तो शब्द बदलायला हवा, निदान मराठीत उलगडून सांगायला हवा. आणि शंभर अडखळले हे कळायचं, तर प्रत्येकाची तक्रार मोजलेली हवी.

मामांचे पैसे परत आले नाहीत. पण त्यांनी दोनशे पानी वही आणली आहे. परवा ती दाखवायला आले. पहिल्याच पानावर तारीख, वेळ आणि खाली एकेक अक्षर जुळवून काढलेला शब्द : 'पेंडिंग'. त्यापुढे त्यांनीच त्याचा अर्थ लिहिला होता, 'रांगेत आहे, पुन्हा दाबू नये'.

कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत मी इतकी सोपी ओळ वाचलेली नाही. वांध्याची दुसरी वही आता मामांकडे आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)